अर्धा घटस्फोट

मंजिरी आणि निनाद यांचा घटस्फोट झाला. पण तो झालाच नाही असं धरून चालू, कारण मंजिरीही तसंच धरून चालते.

लग्नात दोघांच्या कानामागे चुंबकी चकती बसवली होती. तिच्यात दोन थर. खालचा पक्का, वरचा वीजप्रवाहाने फिरणारा. दोन्हींची दिशा एक असली की प्रेम, उलटी असली की संपलं. प्रेम होतं, पण पटत नव्हतं, म्हणून दोघं कोर्टात आले. तंत्रज्ञाने आधी निनादचा थर फिरवला. मंजिरीची पाळी आली आणि लोडशेडिंग सुरू झालं. न्यायाधीश साहेबांनी तेवढ्यात निकालावर सही केली.

"भाऊ, वीज आल्यावर माझाही फिरवा ना," मंजिरी म्हणाली.

"ताई, प्रकरण बंद झालं. आता हात लावता येत नाही."

"मग हे प्रेम आपोआप उतरेल?"

"छे. वीज गेली तरी दिशा टिकते. कंपनीची गॅरंटीच आहे तशी."

बाहेर निनाद रिक्षा ठरवत होता. "तुम्हाला कुठे सोडू का?" त्याने अदबीने विचारलं. लग्नाच्या सात वर्षांत त्याने तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

मंजिरी आत परतली आणि तिने अर्ज लिहिला: 'माझ्या थराला हात लावू नये. प्रतिवादीचा थर मात्र, निदान रविवारपुरता, पूर्ववत करण्यात यावा, ही नम्र विनंती.'