दुसऱ्या खेपेची परीक्षा

“यात काय दिसतंय?” जयतीर्थांनी कानडीत विचारलं आणि शाईचा डाग असलेलं कार्ड पुढं सरकवलं. सावित्रीबाईनं नवऱ्याला तेच मराठीत विचारलं.

बळीराम बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “रगत.”

पुढच्या कार्डात रगत, त्याच्या पुढच्यातही रगतच. मनाच्या परीक्षा घेणारे हे साहेब म्हैसूरकडचे, मराठीचे त्यांना जेमतेम दोन-चार शब्द यायचे. आणि बळीराम उसातल्या त्या दुपारपासून बायको समोर असल्याशिवाय तोंडच उघडत नव्हता. म्हणून दुभाषी म्हणून तिलाच बसवलेलं.

लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची नक्षी जुळवायला दिली, तर त्यानं ते एकावर एक रचून हातानं पाडले. तहान लागली, समोर विहीर आहे, दोर-बादली आहे, तर काय करशील? बळीराम हळूच म्हणाला, “विहिरीत तो बसलाय. मला हाका मारायलाय.”

सावित्रीबाईनं तेही इमानानं कानडीत सांगितलं. जयतीर्थ लिहीत राहिले.

“बहुतेक लोकांना या डागात फुलपाखरू दिसतं,” कार्डं आवरताना ते म्हणाले. “महिन्यानं हीच परीक्षा पुन्हा घेऊ. एकदा घेऊन खात्री होत नाही.”

“आन् पास झाले तर, साहेब?”

“तर त्याला इथं दवाखान्यात ठेवायचं कारण उरणार नाही.”

बाहेर व्हरांड्यात नरहरराव थांबले होते. बळीरामचं काम सरकारनं त्यांच्याकडं सोपवलेलं. ही परीक्षाही त्यांनीच मागून घेतलेली.

“समदं चुकलं त्यांचं,” सावित्रीबाई म्हणाली.

“चुकू दे. त्याला येईल तसं बोलू दे, तुम्ही मधे पडू नका. फार तर धारवाडला पाठवतील.” का, ते त्यांनी सांगितलं नाही. असल्या बायकांना काही समजावून सांगायची त्यांना सवयच नव्हती.

फार तर धारवाडला! सावित्रीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. धारवाडच्या वेड्यांच्या दवाखान्यात तिचा चुलता नागनाथ गेला तो गेलाच, मागं नुसता निरोप आला. आणि हे सांगतात कसे, तर माणसाला बाजाराला धाडल्यासारखं. चुकू दे म्हणणारा माणूस तिला नवा नव्हता. सातवीत मास्तरांनी तिला भिंतीकडं बसवून हेच म्हटलं होतं, चुकलं तर चुकू दे, तुला शिकून काय करायचंय. ती पास झाली. वस्तीतली पहिली पोरगी म्हणून विहारापुढं साखर वाटली गेली, आणि त्या दिवसापासून तिनं एक गोष्ट गाठीला बांधली. आपल्या चुकण्यानं ज्याचं काही बिघडत नाही, त्याचं ऐकायचं नाही.

गावी अफजलपूरला जाऊन तिनं बाभळीचे ठोकळे कापून आणले, गेरू आणि चुन्यानं रंगवले. दुपारी भेटायची वेळ झाली की नवऱ्यापुढं मांडायची. दारात स्टूल टाकून खाकीतला हावगेप्पा बसलेला असायचा. बळीराम मोरीवर निघाला तरी तो मागं जायचा. पण माणूस भला होता, चहा मागवला की तिलाही द्यायचा.

“अक्का, शाळा काढलीस का काय?”

“व्हय अण्णा. एकाच पोराची.”

ठोकळे बळीरामला लवकर जमले. हाताला काम मिळालं की तो थोडा निवायचा. विहिरीचंही पाठ झालं. अडायचं ते डागापाशी. वर्तमानपत्रावर शाई सांडून, कागद दुमडून तिनं तसले डाग केले होते.

“फुलपाखरू म्हना.”

“रगत हाय की हे, सावित्रे.”

“असू द्या. तुमी फुलपाखरू म्हना.”

“मग तू कामून रडायलीस?”

“रडत न्हाई. घरी यायचंय का न्हाई तुमाला?”

“यायचंय,” तो म्हणाला आणि लहान पोरासारखा घोकायला लागला.

दुसऱ्या खेपेला बळीरामनं ठोकळे झटक्यात जुळवले. विहिरीचं विचारलं तर म्हणाला, “बादली सोडीन, पानी काढीन, पिईन.” जयतीर्थांनी भुवया उंचावल्या. कार्डं निघाली. फुलपाखरू. वटवाघूळ. परत फुलपाखरू. शेवटच्या कार्डापाशी मात्र तो अडला.

“ह्यात बी तोच हाय,” तो पुटपुटला.

सावित्रीबाई साहेबांकडं वळली. “चिट्टे,” तिनं साहेबांना कानडीत सांगितलं. फुलपाखरू.

जयतीर्थांनी मागच्या खेपेचे कागद काढून शेजारी ठेवले आणि दोन्हींकडं आळीपाळीनं पाहिलं. “पूर्ण शहाणा आहे हा,” ते कोरडेपणानं म्हणाले. त्यांचा सूर तिला जाणवलाच नाही. तिला ‘शहाणा’ तेवढं ऐकू आलं.

निकाल लागला त्या सकाळी ती पदराच्या गाठीला साखर बांधून आली. पहिली चिमूट हावगेप्पाच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती तोंडात टाकली नाही, मुठीत धरून तसाच बसला. मग नरहरराव आले. काळा कोट हातावर घेतलेला.

“साखर घ्या. पास झाले.”

त्यांनी हात पुढं केला नाही. “महिन्याभरात असा कुणी बरा होत नाही, सावित्रीबाई. साहेबांनी लिहिलंय, पहिल्यांदा यानं वेडाचं सोंग केलं होतं.”

“लिवू द्या की. शहाने ठरले न्हवं? घरी कवा सोडतेत ते सांगा.”

हावगेप्पा उठला. त्यानं खिळ्याला अडकवलेल्या बेड्या काढल्या.

“खून वेड्यानं केला तर कोर्ट धारवाडला पाठवतं, बाई,” नरहरराव म्हणाले. “शहाण्यानं केला तर फासावर.”