कोरडी ओळ

माझ्या टॅक्सीतले प्रवासी युद्धस्मारकापाशी उतरले की आधी फोटो काढतात. ओसाकाहून आलेल्या या आजींनी मात्र वाटेत पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या घ्यायला लावल्या. आमच्या ओकिनावात तशी रीतच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या इथल्या लढाईत गुहांमध्ये लपलेली माणसं घोटभर पाण्यासाठी तडफडून गेली, म्हणून त्यांच्या दगडावरच्या नावांवर पाणी ओततात.

योनामिने घराण्याची नावं आजींनी बरोबर शोधली. वडील, कामे नावाची आई, दोन भाऊ. एकेका नावावर हळूहळू पाणी ओतलं, बाटलीला झाकण लावलं आणि त्या उठल्या. खालची एक ओळ कोरडीच राहिली: ‘कामे यांची धाकटी मुलगी’. शेजाऱ्यांना पोरीचं नाव आठवलं नाही, की असंच कोरतात.

“आजी, ही एक राहिली की. लहान पोरीला काय तहान लागत नाही?” मी जरा तिरकसच बोललो.

“तिने सकाळी विमानात दोन कप चहा घेतलाय,” आजी म्हणाल्या.

 मी म्हणालो, “अहो, मग कचेरीत सांगायचं ना. चला, मी नेतो. जिवंत माणसाचं नाव ते काढून टाकतात.”

“नको रे बाबा.” आईच्या नावावरून ओघळणारं पाणी त्यांनी तळहाताने टिपलं. “पळताना हात आईने नव्हता सोडला, मी सोडला होता. इथे तरी मला तिच्याजवळ राहू दे.”