साधं भिंग

"ही माही माय वाटत नाही," केशवराव म्हणाला आणि त्यानं दुसराही फोटो गुणवंताला परत दिला.

गुणवंतानं फोटो उन्हाकडे धरून पाहिला. नाक, कपाळावरच्या आठ्या, लुगड्याचा काठ, सगळं नीट उमटलं होतं. डोळे मात्र कोरे होते. महिन्यापूर्वीच त्यानं नागपुराहून कॅमेऱ्यासाठी लांबचं भिंग आणलं होतं, दहा हातांवरून माणसाचा चेहरा भरून घेणारं. सौंसरात असं भिंग दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. कॅमेऱ्याबरोबर आलेलं साधं भिंग डोळ्याला दिसतं तेवढंच दाखवायचं. ते आता कशाला ठेवायचं? उद्या पांढुर्ण्याचे भैय्याजी येऊन ते विकत नेणार होते. गुणवंतानं तसा शब्द दिला होता.

केशवरावही उद्याच निघणार होता. छप्पन साल होतं. राज्यांच्या सीमा बदलल्या, नागपूरची कचेरी मोडली आणि त्याला मुंबईला हजर व्हायचा हुकूम आला. त्याची आई केसरबाई गाव सोडायला तयार नव्हती. "मले काय झालं? धडधाकट हावो मी. संत्र्याची बाग कोण पाहीन?" म्हणायची. निदान तिचा फोटो तरी त्याला सोबत हवा होता.

"आज फोटो काढल्याबिगर मी हलत नाही," गुणवंता म्हणाला.

त्यानं केसरबाईला ओसरीवर बसवलं आणि स्वतः अंगणाच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

"मावशी, इकडं पाहा."

ती आवाजाकडे वळली. डोळे तसेच. त्यानं जागा बदलली, तिला बोलतं केलं, हसवून पाहिलं. तास गेला. ऊन ओसरीवरून उतरलं आणि लांबच्या भिंगाला उजेड पुरेना. केशवराव कंटाळून आत गेला.

साध्या भिंगाला कमी उजेड चालायचा. पण चेहरा भरून घ्यायचा तर माणसाच्या अगदी जवळ जावं लागे. गुणवंतानं नाइलाजानं पेटी उघडली, ते भिंग चढवलं आणि केसरबाईपुढे दोन हातांच्या अंतरावर उकिडवा बसला.

म्हातारीची नजर त्याच्यावर आली, जराशी फिरली आणि ठरली. कपाळ सैल झालं. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. त्यानं बटण दाबलं.

"असंच आधी काऊन नाही पाह्यलं, मावशी?"

"आता दिसून राहिला ना बाप्पा तू," केसरबाई म्हणाली. "मंघापासून कुठं उभा होता काय मालूम. दोन हाताच्या पुढं सारं धुकंच हाये मले. दोन वर्सं झाली." मग तिनं आवाज खाली आणला. "केशवले नको सांगू. मंग तो जाणार नाही."

केशवराव दारातच उभा होता.

 गुणवंतानं फिल्म पुढे सरकवली. भैय्याजींचा राग सोसायचं त्यानं तिथंच ठरवलं. हे भिंग आता कुठंही जाणार नव्हतं. तो बाजूला झाला आणि त्यानं केशवरावाला खुणेनं बोलावलं.

केशवराव आला. गुणवंताच्या जागी बसला आणि त्यानं आपला चेहरा आईच्या चेहऱ्यासमोर नेला. केसरबाई बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं त्याच्या कानशिलावरून बोटं फिरवली.

"केस पिकले रे तुये," ती म्हणाली. "कधी पिकले?"