एका दिवसाचा उशीर

"सहाशे चौऱ्याऐंशी," संघप्रिया मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा नवरा-बायकोकडे वळवला. "कर्जासाठी आमच्या बँकेला सातशेचा सिबिल स्कोअर लागतो."

सोमशेखरनं आकड्याकडे पाहिलंच नाही. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. अडीच. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला ईश्वरप्पांचा कारखाना आज बंद होत होता. ज्या दोन मागांवर सोमशेखरनं अकरा वर्षं टॉवेल विणले, ते माग ईश्वरप्पा त्यालाच द्यायला तयार होते. फक्त चारच्या आत बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र हवं होतं. चारनंतर भंगारवाल्याचा टेंपो येणार होता.

"सोळा कशानं कमी पडले?" शिवलीलानं विचारलं. तिचा आवाज कधी चढत नसे. आताही चढला नाही.

"शिलाई मशिनचं कर्ज यांच्या नावावर आहे ना, त्याचा हप्ता महिन्याच्या शेवटच्या तारखेला असतो. तो गेल्या वर्षी तीनदा चुकला. एकतीस जानेवारी, अठ्ठावीस फेब्रुवारी, एकतीस ऑक्टोबर. उशीर एकेकच दिवसाचा आहे. पण महिनाअखेरीला बाकी दिसली, की तशीच नोंद सिबिलकडे जाते."

शिवलीला नवऱ्याकडे वळली. टॉवेलांच्या कडा शिवून आलेले पैसे ती देवघराखालच्या डब्यात साठवायची. हातात द्यायची ती, बँकेत भरायचा तो.

"डब्यात कदी कमी पडले हुते का ओ?"

"न्हाई."

"मग कुटं फिरवले? गल्लीतल्या त्या शहाजीसंगं पत्त्याला बसला हुता?"

शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा पासबुकातून डोकं वर काढून ऐकायला लागले. सोमशेखर नखात अडकलेलं सूत काढत राहिला.

"बोला की. एक दिस पैसे कुणापाशी हुते?"

"चुकलं माझं," तो म्हणाला. "मॅडम, चूक माझी हाय. तसं लिवून घ्या."

शिवलीलाचे डोळे भरून आले. आमच्या यांच्या पोटात काही राहत नाही, असं ती चौदा वर्षं गल्लीत सांगत आली होती.

मॅडमनी फाइल पुन्हा चाळली. "एक करता येईल. नोव्हेंबरपासून एकही हप्ता चुकलेला नाही. आज एकतीस जुलै. आजचा हप्ता आत्ता भरा. पावती जोडून मी फाइल मोठ्या साहेबांकडे नेते, ते सही करतील. पण ते तीनला निघतात."

सोमशेखरनं बायकोपुढे हात केला नाही. पैसे तिच्याजवळ होते. सकाळीच भवानी पेठेतल्या व्यापाऱ्याकडून शिलाईचे पैसे घेऊन ती थेट इकडे आली होती. कमरेचा बटवा फुगलेला दिसत होता.

"उद्या भरते की, मॅडम," शिवलीला म्हणाली. "बँक उघडायच्या आदी दारात हुबी ऱ्हाते."

"उद्या? पैसे नाहीत का जवळ?"

"हायत की. पण आज शुक्कीरवार. शुक्कीरवारी घरची लक्ष्मी भायेर जाऊ देत न्हाई मी. म्हायेरी मैंदर्गीला आईचंबी असंच हुतं. शनवारी पयलं काम तेच करते बगा."

मॅडमनी मोबाइलवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर उघडलं आणि तिच्यापुढे धरून एकेक महिना दाखवला. जानेवारी. फेब्रुवारी. ऑक्टोबर. तिन्ही वेळा त्यांचं बोट एकाच वाराखाली थांबलं.

शुक्रवार. शिवलीला त्या बोटावरून नजर काढून नवऱ्याकडे वळली.

"तुमाला ठावं हुतं?"

"मॅडमनी तारका वाचल्या तवा ध्यानात आलं," सोमशेखर म्हणाला.

"मग चोरावानी गप का बसला?"

"तुजं व्रत हाय. चारचौघांत त्याला नाव कसं ठिवू?"

घड्याळात पावणेतीन झाले. आजोबांनी पासबुक मिटलं. मॅडम फाइल हातात घेऊन उभ्या राहिल्या.

शिवलीलानं डोळे मिटले. ओठ किंचित हलले. मग तिनं बटव्याची नाडी ओढली, हप्त्याच्या नोटा मोजल्या आणि टेबलावर ठेवल्या.

"अगं, तुजं व्रत मोडंल..." सोमशेखर अर्धवट उठला.

"मोडत न्हाई," ती हळूच म्हणाली. "व्रत आपल्या घरच्या लक्ष्मीचं हाय. ही ह्या ब्यांकेची. तीन येळा मी दुसऱ्याची लक्ष्मी कोंडून ठिवली."