पाठीवरचा जोड

भाचीने पहिली चादर टेबलावर पसरली आणि तिला चादरीतून टेबल दिसलं. मधोमध, दुमडलेल्या वर्तमानपत्राएवढी चौकोनी खिडकी कापलेली होती. दुसरी उघडली. तिलाही खिडकी. सहाही चादरी तशाच.

"आत्या, हे काय केलंस?"

आत्याने मोठ्या समाधानाने कपाटाकडे बोट दाखवलं. तिथे सहा कॉलरी ओळीने उभ्या होत्या, ताठ, टोकदार. सव्वीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात तिने फक्त कॉलरी शिवल्या होत्या. कॉलर चेहऱ्याजवळ असते म्हणून तिला सगळ्यात चांगलं कापड द्यायचं, हा तिथला नियम. भाची बटणं आणायला गेली तेवढ्यात आत्याने सहाही चादरी एकावर एक घातल्या आणि मधला चांगला भाग काढून घेतला. कारखान्यात कापडाचं एक थान सरलं की दुसरं हजर असे.

इथे दुसरं काही हजर नव्हतं. एका लॉजने पलंगांवरून काढून टाकलेल्या त्या चादरी. कडा विरलेल्या, पायथ्याकडचा भाग चपला आणि बॅगांनी घासलेला, धड उरलेला तेवढा मधला. त्यातून शर्टाची पाठ निघायची होती. टाकून दिलेल्या कापडाचेच कपडे करायचे, नवं वीतभरही घ्यायचं नाही, या अटीवर भाचीने नोकरी सोडून हा उद्योग मांडला होता. घरच्यांनी तिला वेड्यात काढलं होतं. मदतीला आली ती एकटी आत्या. आणि परवा शर्ट बघायला एका दुकानाच्या मालकीणबाई येणार होत्या. सहा शर्ट पसंत पडले तर दुकानातली खिडकीजवळची मांडणी या दोघींची, नाहीतर ती चपलावाल्याला.

"आधी कळस मग पाया," भाची म्हणाली.

आत्याला चूक कळायला जरा वेळ लागला. कळली तेव्हा तिने माफीबिफी मागितली नाही, ते तिच्या स्वभावात नव्हतं. तिने चादर फिरवून फिरवून पाहिली, खिडकीच्या दोन्ही बाजूंचे पट्टे वितीने मोजले. म्हणाली, पाठ दोन तुकड्यांत करू, मणक्यावरून जोड देऊ, आणि जोड माझ्यावर सोड.

पण नुसत्या जोडाने शर्ट होत नाही. दोन दिवसांत सहा, म्हणजे दोघींनी तीन-तीन पुरे करायला हवेत. तेव्हा उघड झालं की आत्याला बाही लावता येत नाही. खिसाही नाही. लाखो शर्टांशी तिची ओळख गळ्यापुरतीच होती. भाची शिकवू लागली. पहिल्यांदा डावी बाही उजवीकडे लागली. आत्याने उसवली. पुन्हा लावली, चुणी आली, पुन्हा उसवली. जिचा हात बघायला कारखान्यातल्या मुली गर्दी करायच्या ती बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी भाचीला विचारत होती, "इथे जरा दाबून घेऊ का गं?" भाचीला तिचं फार कौतुक वाटलं. तिने दाबायची जागा बोटाने दाखवली.

ठरल्या दिवशी दुकानवाल्या बाई आल्या. त्यांनी शर्ट सुलटे पाहिले, उलटे पाहिले. पाठीवरच्या जोडावर बोट फिरवलं. मानेपासून खालपर्यंत तो कॉलरच्या कडेसारखा सपाट बसवलेला होता, दोन्ही बाजूंनी टीप मारून, एक टाका इकडचा तिकडे नाही. मांडणी तुमची, बाई म्हणाल्या. भाचीच्या जिवात जीव आला.

बाई पुढे म्हणाल्या, खरी गंमत या जोडातच आहे. असे साठ शर्ट महिन्याभरात द्या. जुन्या चादरींची वाट बघत बसू नका, नवं कापड मी पाठवते, लागतील तेवढी थानं.

भाची हो म्हणून मोकळी होणार, तेवढ्यात आत्या बोलली.

"बाई, तो जोड माझ्या चुकीचा आहे. मी कापड मधोमध कापलं म्हणून द्यावा लागला. चांगलं थान कापून पुन्हा जोडायचं म्हणजे धडधाकट माणसाच्या काखेत कुबडी द्यायची."

भाचीला आत्याचा राग आला. साठ शर्ट! मग आठवलं की नवं वीतभरही नको ही अट आत्याची नव्हतीच, तिची स्वतःची होती, आणि ती विसरायला तिला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. तिचे कान गरम झाले.

"आत्या म्हणते ते बरोबर आहे," ती म्हणाली. "नव्या कापडाचे आम्ही करत नाही."

दुकानवाल्या बाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. सहा शर्ट तर आठवड्याच्या आत विकून संपतील, मग मांडणी रिकामी ठेवून मी काय करू, असं त्यांनी विचारलं. भाचीला त्या मांडणीवर चपला दिसायला लागल्या. बाईंनी सहाही शर्टांच्या घड्या घालून ते पिशवीत भरले, दारापर्यंत गेल्या आणि तिथे थांबल्या.

"बरं, पुढचे कधी मिळतील? काहीतरी तारीख सांगा."

"लॉजची चादर फाटली की," आत्या म्हणाली.