बावीस नंबरची चिठ्ठी

अकरावीच्या शेवटच्या तोंडी परीक्षेत प्रश्नांच्या पंचवीस चिठ्ठ्या टेबलावर पालथ्या मांडतात; जी उचलाल तिचं उत्तर द्यायचं. नाझगुलला धसका होता तो बावीस नंबरचा: एकोणीसशे सोळाचं, रशियाच्या झारविरुद्धचं किर्गिझ बंड. त्यात तिची बोबडीच वळायची.

इतिहासाच्या सागिनबेक आगायनी, म्हणजे सरांनी, तिचा सराव सुरू केला. पहिल्याच दिवशी तिने बावीस उचलली. दुसऱ्या दिवशी बावीस. तिसऱ्या दिवशीही!

"आगाय, ही माझ्या मानगुटीवरच बसलीय! नापास होणार मी."

"रड नंतर. आधी उत्तर दे."

आठव्या दिवशीही तीच. हुंदके देत नाझगुलने अख्खं बंड धडाधड सांगून टाकलं आणि रागाने उरलेल्या चिठ्ठ्या उधळल्या. सगळ्यांवर बावीस!

"बाकीच्या चोवीस तुला आधीपासूनच येत होत्या, बये," आगाय हसू दाबत म्हणाले.