जिन्यातली रंगीत तालीम

"अण्णा, आम्ही निघतो हं," नवऱ्याने वडिलांच्या पलंगाशी वाकून जरा मोठ्यानेच सांगितलं. बायकोने बॅगेची चाकं मुद्दाम उंबरठ्यावर आपटली, म्हणजे आत नीट ऐकू जावं. बॅगेत नुसती जुनी चादर होती.

दार ओढून घेतलं, आणि दोघांनी चपला हातात घेतल्या. मग खाली उतरायचं सोडून, चोरासारखी पावलं टाकत दोघं वर चढली आणि गच्चीच्या जिन्यात जाऊन बसली.

ही अक्कल नवऱ्याची. चार दिवस समुद्रातल्या एका बेटावरच्या शहरात जायचं, आणि तोवर त्याच्या बहिणीने, म्हणजे बेबीताईने, अण्णांना सांभाळायचं असं ठरत होतं. पण बेबीताईला ते जमेल का? "आधी रंगीत तालीम घेऊ," तो म्हणाला होता. "शितावरून भाताची परीक्षा. आपण गेलो असं दोघांनाही वाटू दे. ही एक दुपार नीट गेली की चार दिवसही जातील." समुद्राकडे खिडकी असलेली एकच खोली शिल्लक होती, आणि हॉटेलवाला ती संध्याकाळपर्यंतच धरून ठेवणार होता.

अण्णांची उजवी बाजू गेली होती. डाव्या हाताला लागेल अशी, पलंगाच्या दांडीवर, नवऱ्याने सायकलची घंटी बसवून दिली होती. ती दिवसभर वाजे. पाणी हवं, ट्रिंग. पंखा वाढव, ट्रिंग. आता कमी कर, ट्रिंग. दारात कोण आलं होतं, ते काय म्हणालं, आणि तू काय म्हणालीस, ट्रिंग ट्रिंग. बायकोला ती झोपेतही ऐकू यायची. बेटावर तुला काय बघायचंय असं कुणी विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, समुद्र. मनात मात्र तिला एक अख्खा दिवस त्या घंटीशिवाय हवा होता. असं मनात आलं की तिला स्वतःचीच लाज वाटायची.

"हे बघ," नवऱ्याने मोबाईल तिच्यापुढे धरला. निळंशार पाणी, उतरणीवर पांढरी घरं, धक्क्याला लागलेल्या होड्या. "इथे आपली बोट लागणार. मग हा रस्ता समुद्राच्या कडेने थेट दीपगृहापर्यंत. चालत जायचं, रमत गमत."

"हळू बोला. घंटी ऐकू यायची नाही."

"तेच तर ऐकायला बसलोय. वाजली की बेबी कधी उठते ते कळेल. घोडामैदान जवळच आहे."

ती कान देऊन बसली. खालच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. टाकीतून थेंब गळत होता. घंटी काही वाजेना.

नवरा खूश होत चालला. "बघ! एकदाही नाही. अगं, तुझ्यापाशी लाड चालतात म्हणून वाजवतात. बेबीपुढे कसे शहाण्यासारखे पडून राहिलेत!"

"पण इतका वेळ? पंखासुद्धा नको?"

"वाजली तरी तुझी तक्रार, नाही वाजली तरी तक्रार. तुला जायचंय की नाही?"

"जायचंय हो! जीव अडकलाय माझा त्या समुद्रात."

"मग बस गप्प."

ती बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. या दुपारची तिने किती वाट बघितली होती, आणि आता मिळालेली शांतता तिला खायला उठली. शेवटी ती उठलीच. नवरा "अगं, अगं" म्हणेपर्यंत अनवाणी खाली पोचून तिने किल्लीने दार उघडलंसुद्धा.

बाहेरच्या खोलीत बेबीताई सोफ्यावर ढाराढूर झोपली होती. आतल्या खोलीत अण्णा टक्क जागे होते.

"आलीस?" ते म्हणाले. आजाराने त्यांची जीभ जड झाली होती, पण खोड काही गेली नव्हती. "बोट हल्ली गच्चीवरून सुटते होय गं?"

ती जागच्या जागी थिजली. "तुम्हाला कळलं?"

"तुम्ही गेलात की खालचं फाटक कुरकुरतं. आज कुरकुरलं नाही."

काहीतरी करायचं म्हणून ती चादर सारखी करायला वाकली. चादर ओली होती, आणि गार पडली होती. म्हणजे बराच वेळ झाला होता.

"अण्णा, अहो, घंटी का नाही वाजवलीत?"

तिने दांडीकडे पाहिलं. घंटीची वरची वाटी जागेवर नव्हती. नुसता खटका आणि मधला खिळा उरला होता. अण्णांची डावी मूठ छातीवर घट्ट मिटलेली होती.

तेवढ्यात नवरा धापा टाकत बाहेरच्या खोलीत आला. "काय गं, ठीक आहेत ना? एकदाही वाजली नाही! मी म्हटलं नव्हतं? लावू का हॉटेलवाल्याला फोन?"

ती दाराकडे वळली.

अण्णांनी मूठ उघडली. तळव्यावर घामाने ओली झालेली वाटी होती.

"ही तुझ्या बॅगेत टाक," ते हलक्या आवाजात म्हणाले. "इथे राहिली की हात जातो तिच्याकडे."